दुसरी नजर पडल्याशिवाय प्लॅनिंग नको: किरणोपचार विभागप्रमुखांना खुले पत्र

किरणोपचार विभागांचे प्रमुख, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, मेडिकल फिजिसिस्ट आणि कर्करोग रुग्णालयांचा कारभार पाहणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी आपल्या विभागात लिनॅकचा, म्हणजे किरण देणाऱ्या यंत्राचा, आउटपुट मोजला जातो. तो ठरलेल्या आकड्यापासून ३ टक्क्यांहून अधिक हलला, तर काम थांबतं आणि फिजिसिस्टला बोलावणं जातं. लेझर, टेबल, किरणांना आकार देणाऱ्या मल्टिलीफ कोलिमेटरच्या पात्या, इमेजिंग या सगळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे होते. आयएमआरटीचा, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या उपचाराचा, प्लॅन असेल तर तो आधी डिटेक्टरवर चालवतात आणि मोजलेला डोस गणिताशी जुळतो का ते पाहतात. ही शिस्त उभी करायला आपल्या क्षेत्राला कित्येक दशकं लागली. तिचा मला मनापासून अभिमान आहे.

मात्र इतका काटेकोर मोजलेला हा डोस कुठं जायला हवा, ते ज्या रेषेवर ठरतं, ती रेषा अनेक विभागांत एकच डॉक्टर ओपीडी आटोपल्यावर, दिवसाच्या शेवटी, एकट्यानं काढतात. तिच्यावर दुसऱ्या जाणकाराची नजर पडते ती प्लॅन तयार झाल्यावर, कधी पहिलं फ्रॅक्शन (डोसचा रोजचा हप्ता) देऊन झाल्यावर, तर कधी पडतच नाही. माझी मागणी एवढीच आहे: बरं करण्याच्या हेतूनं दिल्या जाणाऱ्या प्रत्येक उपचारात ट्यूमरचा कंटूर, म्हणजे स्कॅनवर त्याच्याभोवती काढलेली ही रेषा, प्लॅनिंगला हात लागण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञानं पाहावा, आणि त्याला लागणारा वेळ विभागाच्या वेळापत्रकात काम म्हणून मांडला जावा.

प्लॅन झाल्यावर तपासलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. तोवर डोसिमेट्रिस्टचे (डोसचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचे) दोन दिवस त्या प्लॅनमध्ये गेलेले असतात, रुग्णाला तारीख दिलेली असते, डोकं स्थिर ठेवणारा मास्क तयार असतो, मशीनवरची वेळ राखून ठेवलेली असते. अशा वेळी "ही लसिकाग्रंथी सुटली आहे का?" हा प्रश्न विचारणं म्हणजे सगळं काम पुन्हा करायला लावणं. तपासणाऱ्याची हरकत आपोआप मवाळ होते. "चालेल, मार्जिनमध्ये येतं आहे" असं म्हटलं जातं. हाच प्रश्न दोन दिवस आधी आला असता, तर ती रेषा पाच मिनिटांत बदलली असती.

कंटूरची चूक बाकीच्या चुकांपेक्षा वेगळी का, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. तरीही लिहितो, कारण हे पत्र व्यवस्थापनही वाचेल. रुग्ण टेबलावर आज दोन मिलिमीटर डावीकडे झोपला, उद्या एक मिलिमीटर उजवीकडे. ३५ फ्रॅक्शनमध्ये अशा बऱ्याचशा चुका एकमेकींना भरून काढतात. कंटूर चुकला तर ती चूक पहिल्या दिवशी असते, पस्तिसाव्याही दिवशी असते, आणि रोज त्याच जागी, त्याच दिशेला असते. मार्सेल व्हॅन हर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मार्जिनचं (रेषेबाहेर ठेवायच्या मोकळ्या जागेचं) जे सूत्र मांडलं, त्यात हा फरक सरळ दिसतो. ९० टक्के रुग्णांच्या सीटीव्हीला (उपचारासाठी आखलेल्या रोगाच्या भागाला) ठरलेल्या डोसच्या किमान ९५ टक्के डोस मिळावा असं हवं असेल, तर कायमस्वरूपी चुकांच्या विचलनाला २.५ नं गुणायचं आणि रोज बदलणाऱ्या चुकांच्या विचलनाला ०.७ नं. कायम राहणारी चूक साडेतीन पटींहून अधिक महाग पडते. रोज कोनबीम सीटी, म्हणजे उपचाराच्या टेबलावरचाच स्कॅन, घेऊन आपण रुग्णाच्या स्थितीतली चूक दोन-तीन मिलिमीटरच्या आत आणली. आता जी सर्वांत मोठी चूक शिल्लक राहिली, ती कितीही कोनबीम घेतले तरी दिसणार नाही. यंत्र कंटूरला खरं मानूनच रुग्ण जुळवत असतं.

परिणाम किती होतो? याचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं उत्तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ट्रान्स-टास्मान रेडिएशन ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या ०२.०२ या अभ्यासात सापडतं. डोकं आणि मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांवर एका नव्या औषधाची ती चाचणी होती. ८६१ रुग्ण त्यात होते. औषधाचा फायदा दिसला नाही. पण २०१० साली किरणोपचाराच्या दर्जाचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. ज्यांचे प्लॅन सुरुवातीपासून नियमांना धरून होते, त्यांच्यातले ७० टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. ज्यांच्या प्लॅनमध्ये मोठे दोष होते, त्यांच्यात हे प्रमाण ५० टक्के. ही तुलना चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची नव्हती आणि सगळे दोष कंटूरचेच होते असंही नाही. काहींचा उगम प्लॅनमध्ये होता, काहींचा डोसमध्ये. तेवढी सावधगिरी ठेवूनही २० टक्क्यांचं अंतर म्हणजे किती, याचा विचार करावा. एखादं नवं औषध एवढा फरक दाखवू लागलं, तर ते विकत घेण्यासाठी आपण कोणत्याही समितीपुढे भांडलो असतो.

त्याच विश्लेषणात आणखी एक आकडा आहे. ज्या केंद्रांनी चाचणीत पाचपेक्षा कमी रुग्ण घेतले होते, तिथं मोठ्या दोषांचं प्रमाण २९.८ टक्के होतं. वीस किंवा अधिक रुग्ण घेणाऱ्या केंद्रांत ते ५.४ टक्के होतं. यावरून छोट्या केंद्रातले डॉक्टर कमी हुशार असतात असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. जो आजार वर्षातून दोनदा समोर येतो, त्याचा कंटूर काढताना शेजारी विचारायला कुणी नसणं, हे त्यामागचं कारण मला जास्त पटतं.

आता प्रत्यक्ष कंटूरकडे येतो. जीटीव्ही म्हणजे दिसणारी गाठ, सीटीव्ही म्हणजे तिच्याभोवतीचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगाचा संभाव्य भाग, आणि पीटीव्ही म्हणजे हालचाल व मांडणीतल्या चुकांसाठी ठेवलेली मोकळीक. आयसीआरयू या किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९३ च्या ५० क्रमांकाच्या अहवालापासून ही भाषा आपण सगळे बोलतो. पुढं १९९९ च्या ६२ व्या आणि २०१० च्या ८३ व्या अहवालानं तिला पक्कं केलं. पण संज्ञा एक असली म्हणून रेषा एक होत नाही. फुप्फुसातल्या गाठीमुळे पलीकडचा भाग बसला (हवा जाऊन आकसला) असेल, तर साध्या सीटीवर गाठ कुठं संपते आणि बसलेलं फुप्फुस कुठं सुरू होतं, ते सांगणं फार अवघड असतं. एक डॉक्टर सगळं घेतात, दुसरे निम्मं सोडतात. पेट-सीटी, म्हणजे पेशींची क्रियाशीलता रंगात दाखवणारा स्कॅन, शेजारी ठेवलं की मतभेद झपाट्यानं कमी होतात. पण पेटवरचा रंगही कोणत्या पातळीला कापला यावर गाठीचा आकार बदलतो. त्याच फुप्फुसाच्या गाठीचा कंटूर लंग विंडोमध्ये (चित्राची उजळ-गडद मांडणी फुप्फुसासाठी ठेवून) काढला तर एक आकार येतो, मेडिआस्टायनल विंडोमध्ये (छातीच्या मधल्या भागासाठी ठेवून) काढला तर दुसरा. विभागात विंडोचे आकडे लिहून ठरवलेले नसतील, तर दोन डॉक्टर दोन वेगळ्या गाठींवर उपचार करत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

प्रोस्टेटचंही तसंच. सीटीवर प्रोस्टेट एमआरआयपेक्षा मोठी काढली जाते, आणि खालच्या टोकाशी, जिथं ती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंमध्ये मिसळते, तिथं तर अंदाजच बांधावा लागतो. एमआरआयनं हा प्रश्न बराच सुटतो, पण रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन स्कॅन एकमेकांवर बसवणं, नीट झालं तरच. नितंबाची हाडं जुळली म्हणून प्रोस्टेट जुळली असं होत नाही. मधल्या काळात मूत्राशय भरतं, गुदाशयात वायू येतो, प्रोस्टेट सरकते. रजिस्ट्रेशन गाठीच्या जागी तपासायला हवं, सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या हाडाशी नव्हे. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या १३२ क्रमांकाच्या टास्क ग्रुपनं २०१७ मध्ये यावर सविस्तर शिफारशी दिल्या आहेत. तरीही हे फ्युजन (चित्रं एकत्र बसवणं) कुणी केलं, कुणी पाहिलं आणि कशासाठी योग्य मानलं, ही नोंद फार थोड्या फाइलींत मला दिसते. माझी विनंती आहे की कंटूर तपासताना पहिला प्रश्न हाच असावा: ही चित्रं एकमेकांवर बसली आहेत का? हे चुकलं असेल तर त्यावर काढलेली प्रत्येक रेषा चुकलेली असते.

जे चित्रावर दिसतच नाही, त्याचं काय? जिभेच्या किंवा घशाच्या कर्करोगात श्लेष्मल त्वचेवर पसरलेला पातळ रोग सीटीवर उमटत नाही. तो एंडोस्कोपीत दिसतो, बोटाला लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णात सर्जनला कुठं शंका होती, कुठली कड जवळून गेली, हे ऑपरेशन नोटमध्ये आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात असतं. कंटूर काढताना हे कागद उघडे नसतील, तर आपण अर्ध्या माहितीवर रेषा ओढतो. ज्यांनी रुग्णाला तपासलं त्यांनीच कंटूर काढावा, किंवा निदान ते शेजारी बसलेले असावेत, हा आग्रह मी धरतो तो यासाठीच. तपासणीच्या दिवशीच गाठीचं चित्र हातानं काढून त्यावर मापं लिहायची जुनी सवय काही विभागांनी टिकवली आहे. ती सर्वत्र परत यायला हवी.

या बाबतीत आपल्याच क्षेत्रानं एक फार चांगलं उदाहरण घालून दिलं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ब्रॅकीथेरपीचा, म्हणजे शरीराच्या आत स्रोत ठेवून दिलेल्या किरणांचा, डोस पूर्वी ठरावीक बिंदूंवर मोजला जायचा. गाठ मोठी असो वा लहान, बिंदू तेच. युरोपातल्या जीईसी-एस्ट्रो गटानं २००५ पासून एमआरआयवर आधारलेल्या शिफारशी दिल्या: ब्रॅकीथेरपीच्या वेळी उरलेली गाठ पाहायची, ती आणि आजूबाजूचा संशयित भाग आखायचा, आणि डोस त्या आकाराला बेतायचा. याच पद्धतीवर उभ्या राहिलेल्या एम्ब्रेस-१ या अनेक देशांतल्या अभ्यासाचे निकाल २०२१ मध्ये आले, तेव्हा पाच वर्षांनंतर रोग मूळ जागी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ९२ टक्के होतं. किरण तेच होते. कुठं द्यायचे हे पाहण्याची पद्धत बदलली होती, सगळ्यांनी एकाच व्याख्येनं आखलं होतं, आणि केंद्रांना सामील करून घेण्याआधी त्यांचं आखणं तपासलं गेलं होतं.

शंका असली की रेषा थोडी बाहेर घ्यायची, हा स्वभाव मी समजू शकतो. रोग सुटू नये ही त्यामागची तळमळ असते. पण ६ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचं घनफळ साधारण ११३ घनसेंटिमीटर भरतं. सगळीकडून ५ मिलिमीटर वाढवलं की ते १८० होतं. अर्धा सेंटिमीटर "सुरक्षिततेसाठी" घेतला आणि जवळजवळ ६० टक्के जास्त शरीर पूर्ण डोसच्या आत आलं. हा डोस कुणाला तरी सोसावा लागतो. ब्रिटनमधल्या पार्सपोर्ट चाचणीत पॅरोटिड लाळग्रंथी वाचवणारी आयएमआरटी आणि जुनी पद्धत यांची तुलना झाली. एका वर्षानं तोंडाचा लक्षणीय कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. ज्याला घास गिळण्यासाठी प्रत्येक वेळी पाण्याचा घोट लागतो, त्याला या दोन आकड्यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. आणि पॅरोटिडच्या दिशेनं गरजेपेक्षा जास्त पसरलेला एक सीटीव्ही हे सगळं अंतर पुसून टाकू शकतो.

निरोगी अवयवांच्या कंटूरला आपण दुय्यम काम मानतो. नव्या माणसाच्या हाती सोपवतो. मला वाटतं, इथं आपण स्वतःची फसवणूक करून घेतो. गुदाशयाचं उदाहरण घ्या. निरोगी अवयवांच्या मर्यादा सांगणाऱ्या २०१० च्या क्वांटेक अहवालानुसार ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) डोस घेणारा भाग गुदाशयाच्या २० टक्क्यांच्या आत राहावा असं पाहतात. पण २० टक्के कशाचे? कंटूर वर सिग्मॉइडमध्ये (गुदाशयाच्या वरच्या आतड्यात) चार स्लाइस जास्त नेला, की छेदातलं एकूण घनफळ वाढतं आणि टक्केवारी उतरते. रुग्णाच्या शरीरात काहीही बदललेलं नसतं, तरी तक्त्यावर लाल आकडा हिरवा होतो. फुप्फुसाच्या घनफळातून गाठ वजा केली की नाही, आतडं वेटोळ्यांनी काढलं की पिशवीसारखं, याही बाबतीत तेच. ज्या व्याख्येनुसार ती मर्यादा ठरली, तीच व्याख्या कंटूर काढताना पाळली नसेल, तर त्या मर्यादेला अर्थ उरत नाही. डोकं-मानेच्या अवयवांसाठी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सहमतीनं व्याख्या प्रसिद्ध झाल्या, अवयवांच्या नावांसाठी २०१८ मध्ये त्याच अमेरिकी संघटनेच्या टास्क ग्रुप २६३ चा अहवाल आला. त्यांचा वापर सुरू करायला पैसे लागत नाहीत.

हृदयाबद्दल आपण हा धडा उशिरा शिकलो. फुप्फुसाच्या कर्करोगात ६० ग्रेऐवजी ७४ ग्रे दिले तर जास्त रुग्ण वाचतील, या अपेक्षेनं आरटीओजी ०६१७ ही चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा. ६० ग्रेच्या गटाचं मध्यक आयुष्य २८.७ महिने, ७४ ग्रेच्या गटाचं २०.३ महिने. विश्लेषणात हृदयाला मिळालेल्या डोसचा जगण्याशी संबंध दिसला. तोवर फुप्फुसाच्या प्लॅनमध्ये हृदयाचा कंटूर म्हणजे घाईत ओढलेला एक गोळा असायचा.

आणि कंटूरच नसेल तर? प्लॅनिंगच्या संगणकाला रुग्ण दिसत नाही, त्याला फक्त आपण आखलेले आकार दिसतात. जे आखलं नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वात नाही. पॅरोटिड वाचव, मज्जारज्जू वाचव, असं सांगितलं की ऑप्टिमायझर (प्लॅन जुळवणारी संगणकाची प्रणाली) तो डोस जिथं कुणी हटकत नाही तिथं नेऊन टाकतो: ओठांत, हिरड्यांत, मानेच्या मागच्या स्नायूंत. डीव्हीएचवर, म्हणजे कुठल्या भागाला किती डोस मिळाला याच्या आलेखावर, सगळं सुरेख दिसतं, कारण जळणाऱ्या भागाचा आलेखच काढलेला नसतो. म्हणून प्लॅन मंजूर करताना आलेखाआधी स्लाइस पाहाव्यात, वरपासून खालपर्यंत प्रत्येक. डीव्हीएच सांगतो की पीटीव्हीचा ३ टक्के भाग कमी डोसमध्ये आहे. तो भाग कडेला, हवेत गेलेल्या पीटीव्हीत आहे की गाठीच्या मधोमध, हे तो सांगत नाही. पहिल्या प्रकारात बिघडत नाही, दुसऱ्यात रोग परत येतो.

प्लॅनिंगच्या बाजूनं डॉक्टरांकडे माझी एक तक्रारही आहे. पीटीव्ही आणि मज्जारज्जू किंवा ऑप्टिक चायझम (डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा) एकमेकांवर चढतात, तेव्हा कुणाचं ऐकायचं हे आम्हाला आधी लिहून मिळत नाही. मग डोसिमेट्रिस्ट आपल्या समजुतीनं तडजोड करतो, प्लॅन तयार होतो, आणि डॉक्टर समोर आलेल्या प्लॅनवर सही करतात, कारण दुसरा पर्याय पाहिलेलाच नसतो. तो निर्णय वैद्यकीय होता आणि तो कळत-नकळत तंत्रज्ञाच्या हातात गेला. कंटूरबरोबर चार ओळी हव्यात: कोणत्या अवयवाची मर्यादा कोणत्याही परिस्थितीत मोडायची नाही, कोणती मोडली तरी चालेल आणि किती, गाठीचा कोणता भाग कमी डोसवर सोडण्याची तयारी आहे. मार्गदर्शक सूचनांपासून कंटूर मुद्दाम वेगळा काढला असेल तर त्याचं कारणही तिथंच असावं. तपासणाऱ्याला मग ती चूक आहे की विचारपूर्वक केलेली निवड, हे कळतं.

आता स्वयंचलित कंटूरिंगबद्दल, कारण "सॉफ्टवेअर घेतलं आहे, आता दुसऱ्या नजरेची गरज काय?" असं विचारलं जाऊ लागलं आहे. २०१५ मध्ये यू-नेट ही न्यूरल नेटवर्कची रचना आली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत हे तंत्र खरोखर कामाचं झालं. डोकं-मानेच्या एका रुग्णाचे सगळे अवयव हातानं काढायला काही तास जायचे, ते आता मिनिटांत समोर येतात. मी याचं मनापासून स्वागत करतो. ज्या विभागांत माणसं कमी आणि रुग्ण भरपूर, तिथं तर हे मोठं वरदान आहे. पण विकत घेताना जो आकडा दाखवला जातो, तो नीट वाचावा. डाइस गुणांक म्हणजे दोन आकारांचा एकमेकांवर किती भाग येतो याचं माप. वरच्या ११३ घनसेंटिमीटरच्या गाठीचा, एका टोकाला घुसलेला १ घनसेंटिमीटरचा तुकडा पूर्ण सुटला, तरी डाइस ०.९९ च्या वर येतो. एक ग्रॅम जिवंत रोग बाहेर राहिला आणि गुणपत्रिकेवर जवळजवळ पैकीच्या पैकी. उलट ऑप्टिक चायझमसारख्या इवल्याशा अवयवात एका मिलिमीटरच्या फरकानंही डाइस कोसळतो. पृष्ठभागांमधलं अंतर मोजणारी मापं सोबत हवीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या स्वतःच्या रुग्णांवरची चाचणी हवी.

मॉडेल ज्या चित्रांवर शिकलं, त्यांच्यासारखा रुग्ण आला की ते उत्तम चालतं. धातूचा कृत्रिम खुबा, शस्त्रक्रियेत काढलेलं मूत्रपिंड, जबड्याच्या जागी लावलेला फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून घेतलेला तुकडा), हात खाली ठेवून काढलेला स्कॅन, असं काही आलं की ते चुकतं, आणि चुकताना बिचकत नाही. रेषा तितकीच गुळगुळीत असते. हातानं काढलेल्या कंटूरमध्ये निदान थरथर दिसते, शंका दिसते. गुळगुळीत रेषेवर डोळा विसावतो आणि बोट मंजुरीकडे जातं. दिवसाचा तिसावा कंटूर पाहताना हे कुणाचंही होईल, त्यामुळे उपाय व्यवस्थेतच शोधायला हवा. स्वयंचलित कंटूरला फाइलीत कच्चा मसुदा म्हणूनच नोंदवावं. कुणी बदलला, कुठं बदलला हे साठवावं. महिन्याकाठी पाहावं: एखाद्या अवयवाचा कंटूर कुणीच कधीच बदलत नसेल, तर तो निर्दोष आहे की कुणी पाहतच नाही, याचा शोध घ्यावा. आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की चाचणी पुन्हा करावी, जशी आपण लिनॅकच्या दुरुस्तीनंतर करतो.

यातून वाचलेले तास कुठं जातात, हा प्रश्न मी व्यवस्थापनाला विचारतो. ते तास आणखी रुग्ण बसवण्यात गेले, तर आपण फक्त वेग विकत घेतला. अवयव यंत्रानं काढल्यावर माणसाला ट्यूमरपाशी जास्त वेळ बसता यायला हवं. कारण निरोगी यकृत सगळ्यांत साधारण सारखं असतं. प्रत्येकाची गाठ मात्र वेगळी असते, आणि तिथं मॉडेल अजून कच्चं आहे.

उपचार सुरू झाल्यावरही कंटूर जुना होतो. डोकं-मानेचा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वजन गमावतो, मास्क सैल पडतो, पॅरोटिड आकसते आणि आतल्या बाजूला, जास्त डोसच्या दिशेनं सरकते. पुन्हा सीटी कधी करायचा याचा निकष आधी ठरलेला असावा, रोज रुग्ण लावणाऱ्या तंत्रज्ञाला तो माहीत असावा आणि त्याच्या शब्दावर हालचाल व्हावी. रुग्णाला रोज तेच पाहतात.

समकक्ष तपासणीत काय हाती लागतं, याचा अंदाज आता आहे. प्रसिद्ध अभ्यास एकत्र पाहिले तर साधारण दहातल्या एका रुग्णाच्या प्लॅनमध्ये बदल सुचवला गेलेला दिसतो, आणि त्यात ट्यूमरच्या कंटूरचा वाटा मोठा असतो. दहात एक! असा दोष लिनॅकमध्ये सापडला असता, तर आपण दार लावून घेतलं असतं.

सगळे रुग्ण एकदम शक्य नसतील, तर डोकं-मान, फुप्फुस, गर्भाशयमुख आणि स्टिरिओटॅक्टिक (थोड्या हप्त्यांत नेमका मोठा डोस देणाऱ्या) उपचारांपासून सुरुवात करावी. स्टिरिओटॅक्टिक तर आधी, कारण तिथं मोजकीच फ्रॅक्शन असतात आणि मार्जिन नावापुरतं. दर आठवड्याला रेडिओलॉजिस्टनं तासभर शेजारी बसावं. यासाठी रुग्णालयानं त्यांचा तो तास मोकळा करावा, उपकार म्हणून मागायला लावू नये. जिथं एकच ऑन्कॉलॉजिस्ट आहे, तिथं नाव-ओळख काढून टाकलेली डायकॉम (वैद्यकीय चित्रांची) फाइल दुसऱ्या केंद्रातल्या सहकाऱ्याला पाठवण्याची अधिकृत सोय करावी. तंत्र हाताशी आहे, हवा आहे तो लेखी करार आणि दोन्हीकडे राखून ठेवलेला वेळ. उपचाराची तारीख कंटूर मंजूर झाल्यावर द्यावी, आधी नाही. आणि फिजिसिस्टला किंवा डोसिमेट्रिस्टला कंटूर खटकला, तर काम थांबवण्याचा अधिकार त्यांना असावा, मग ते पदानं कितीही कनिष्ठ असोत.

वरिष्ठांना एक विशेष विनंती. तपासणीच्या बैठकीत पहिला कंटूर स्वतःचा ठेवा. विभागप्रमुखाच्या रेषेवर सगळ्यांसमोर प्रश्न विचारता येतो, हे एकदा दिसलं की नव्या डॉक्टरांना आपली रेषा दाखवायची भीती वाटत नाही. पहिल्या बैठकीसाठी उपचार पूर्ण झालेला एक जुना रुग्ण निवडा, सगळ्यांना एकमेकांचं न पाहता त्याचा सीटीव्ही काढायला सांगा, आणि सगळ्या रेषा एकाच पडद्यावर एकत्र आणा. जिथं त्या दुरावतील त्या स्लाइसवर थांबा, आणि तिथं काय करायचं हे ठरवून विभागाच्या वहीत तारखेसह लिहा. पुढच्या महिन्यात दुसरा अवयव घ्या.

आपला विश्वासू,
किरणोपचार प्लॅनिंगमध्ये काम करणारा एक मेडिकल फिजिसिस्ट